मरळ, नारू आणि एका कृमीचे नाव

यंदाच्या स्मरणिकेसाठी मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. त्या विषयांवर अधिकाराने लिहू शकतील असे सदस्य आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. मी विकृतिशास्त्राचा, म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस. रुग्णापेक्षा त्याच्या रक्ताशी, पेशींशी आणि बाटल्यांशी माझा संबंध अधिक. तेव्हा बाटलीतल्याच एका विषयाकडे वाचकांना नेण्याची परवानगी मी मागून घेतली. विषय आहे गोड्या पाण्यातील माशांच्या शरीरात राहणाऱ्या गोलकृमींचा आणि त्यांना नाव कसे दिले जाते याचा. विषय ऐकून काही मित्रांनी नाक मुरडले. परंतु या नावावाचून माझे एकदा पुरते अडले होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातील, भोई समाजातील, पस्तिशीचा एक गृहस्थ माझ्या एका शल्यचिकित्सक मित्राकडे आला. त्याच्या पोटाच्या कातडीवर सूज यायची, आठ-दहा दिवसांनी जिरायची आणि पुन्हा वीतभर अंतरावर उमटायची. खाज पुष्कळ, ताप नाही. रक्तात इओसिनोफिल चाळीस टक्क्यांच्या घरात. अंगावर पित्त उठले म्हणून त्याने चार ठिकाणी औषधे घेऊन झाली होती. मित्राने सुजेवर छेद घेतला, तेव्हा आत पांढरट, जिवंत असे काहीतरी वळवळले. चिमट्याने ओढताना ते तुटले. हाती आलेला तुकडा बाटलीत घालून त्याने तो माझ्याकडे धाडला आणि मी नेहमीच्या सवयीने त्यावर फॉर्मॅलिन ओतले.

दोन दिवसांनी तो गृहस्थ स्वतःच प्रयोगशाळेत आला. सोबत बायको होती. ती बेला येथील बाजारात मासे विकते. त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, ह्या किड्याचं नाव काय? मासोळीतून आला का?” पावसाळ्यात नदीकाठी जाळ करून, वरून करपलेले आणि आतून कच्चे राहिलेले मासे आपण अनेकदा खाल्ले, हे त्याने आपणहून सांगितले. घरात तीन लेकरे. धंदा मासळीचा. त्याच्या प्रश्नाला उत्तर हवे होते आणि ते कृमीच्या नावावरच अवलंबून होते. तो नॅथोस्टोमा असता तर दोष कच्च्या मासळीचा. कुत्र्याच्या शरीरात राहणारा डायरोफिलेरिया असता तर दोष डासाचा, मासळी निर्दोष. फीतकृमीची अळी असती तर संशय पिण्याच्या पाण्यावर गेला असता. मी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून पाहिले. गोलकृमी आहे, एवढे नक्की ठरले. पण ज्यावरून पुढची ओळख पटते ते डोक्याचे टोक चिमट्यात चिरडले गेले होते. मला उत्तर देता आले नाही. मासे नीट शिजवून खा, असे सांगून मी त्याची बोळवण केली.

औरंगाबादला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या मित्राला मी ती काचपट्टी दाखवली. तो म्हणाला, “अरे, डोके गेले ते शल्यचिकित्सकाच्या हातून. पण डीएनए घालवलास तो तू!” फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे धागे प्रथिनांशी जखडले जातात, त्यांचे तुकडे होतात आणि मग त्यातून जनुक वाचणे अत्यंत कठीण होते. ऊतींवर प्रक्रिया करण्यासाठी लागणाऱ्या शुद्ध अल्कोहोलची बाटली त्याच फळीवर, फॉर्मॅलिनच्या शेजारी उभी होती. ते शल्य मनात राहिले. पुढच्या दोन-तीन सुट्ट्यांत त्याच्याकडे राहून मी या विद्येची बाराखडी गिरवली. जे लिहितो आहे ते त्या बाराखडीतले.

आरंभ बाजारापासून करावा. मरळ आपणा सर्वांच्या ओळखीची. तेलुगू बांधव तिला कोर्रमीनू म्हणतात आणि २०१६ मध्ये तेलंगणाने तिला राज्यमासा म्हणून मान दिला. तिचे पोट चिरून आतडे मिठाच्या सौम्य पाण्यात उघडले, तर पुष्कळदा सुताएवढे लालसर कृमी आतड्याच्या आतील अस्तराला तोंड रोवून बसलेले दिसतात. हे कॅमॅलॅनिडी कुलातील गोलकृमी. लाल रंग त्यांनी प्यालेल्या माशाच्या रक्ताचा. मासळी साफ करणाऱ्या आयाबायांना ते चांगले ठाऊक असतात. माणसाच्या आतड्यात मात्र ते आपले बिऱ्हाड थाटत नाहीत, हे येथेच सांगून टाकतो, नाहीतर हा लेख वाचून कोणी मरळीवर बहिष्कार घालायचा!

असा कृमी ग्लिसरीन किंवा लॅक्टोफिनॉलमध्ये ठेवला की काही वेळाने काचेसारखा पारदर्शक होतो आणि त्याचे तोंड पाहणे हा डोळ्यांचा सोहळा ठरतो. कॅमॅलॅनस वंशात तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंपल्याच्या दोन शकलांसारख्या कठीण झडपा असतात. त्यांवर उभ्या रेषांची नक्षी आणि बाजूला त्रिशूळाच्या आकाराचा आधार. प्रोकॅमॅलॅनसमध्ये झडपा नसतात. त्यांच्या जागी पिंपाच्या आकाराचा एकसंध मुखकोश असतो. या पिंपाची आतली भिंत गुळगुळीत असेल तर तो प्रोकॅमॅलॅनस, तिच्यावर स्क्रूच्या आट्यांसारखी वलये असतील तर स्पायरोकॅमॅलॅनस. कॅमॅलॅनस हा वंश १९१५ मध्ये, प्रोकॅमॅलॅनस १९२३ मध्ये आणि स्पायरोकॅमॅलॅनस १९५२ मध्ये स्थापला गेला. यापुढे प्रजाती ठरवायची तर आट्या किती, नराच्या शेपटीवरील अंकुर किती आणि कोठे, त्याचे दोन मैथुनकंटक लांबीने सारखे की असमान, मादीचे जननछिद्र शरीराच्या कोणत्या भागात, हे सारे मोजायचे. मायक्रोमीटर लावून एकेका कृमीवर तासन्‌तास घालवणारी जुनी मंडळी होती. त्यांच्या हातची शाईची रेखाटने पाहिली की आपल्या छायाचित्रांची लाज वाटते.

या अभ्यासाला आपल्या भागात जुनी परंपरा आहे. ‘हैदराबाद राज्यात आढळणारे मासे व पक्षी यांतील गोलकृमी’ या आशयाचा एस. एम. अली यांचा तब्बल त्र्याऐंशी पृष्ठांचा प्रबंध १९५६-५७ च्या सुमारास ‘इंडियन जर्नल ऑफ हेल्मिन्थॉलॉजी’च्या आठव्या खंडात प्रसिद्ध झाला. ज्या राज्याचे नाव त्या प्रबंधाच्या मथळ्यात होते, ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावरून पुसले गेले. आपल्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा महाराष्ट्राच्या बाजूला गेले, तर नांदेडकडचा मुधोळ आपल्याकडे आला. २०१६ मध्ये उरलेल्या आदिलाबादचे पुन्हा चार जिल्हे झाले. पैनगंगेतल्या मरळीला आणि तिच्या पोटातल्या कृमींना यातले काहीही कळवण्यात आले नाही. म्हणूनच औरंगाबाद, नांदेड, यवतमाळ वा आदिलाबाद यांपैकी कोठेही या माशांवर झालेले काम मी आपलेच मानतो.

पुढे मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रामुख्याने फीतकृमींवर विपुल काम केले. उस्मानिया विद्यापीठातही परजीवीशास्त्राची परंपरा नांदत होती. गावोगावच्या तलावांतून मासे आणून, पदरमोड करून, साध्या सूक्ष्मदर्शकावर या मंडळींनी जे वर्णन करून ठेवले, त्याबद्दल मला आदरच आहे. तथापि या साऱ्या कामाची एक मर्यादा नोंदवणे भाग आहे. देशभरच मोजमापातील लहानसहान फरकांवरून नवनव्या प्रजाती स्थापण्याची जणू अहमहमिका लागली होती. एकाच वाम माशातून, कधी एकाच बाजारातून आणलेल्या, दोन-तीन कृमींवरून नवी प्रजाती जाहीर होई. आता कृमीचे वय वाढले की मापे वाढतात. एकाच आतड्यात गर्दी झाली की ती खुंटतात. मृत्यूपूर्वी आकसलेला कृमी आणि ऊन द्रावणात सरळ ताणून मेलेला कृमी यांची लांबी कशी जुळणार? मुखकोशातील आट्यांची संख्यासुद्धा नर आणि मादीत वेगळी असू शकते. परिणामी त्यांतील अनेक नावे मुळात एकाच प्राण्याची असावीत, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत झाले. प्राण्यांच्या नामकरणाचा जागतिक नियम असा, की एका प्राण्याला दोन नावे पडली असतील तर सामान्यतः आधीचे राहते आणि नंतरचे बाद होते. पण बाद करायचे तरी कशाच्या आधारे? मूळ नमुना विभागाच्या कपाटात फॉर्मॅलिनमध्ये, किंवा तोही हरवलेला. माझ्या बाटलीचीच ही मोठी आवृत्ती.

येथे जनुकशास्त्राचा प्रवेश होतो. कृमीच्या शरीराचा नखाएवढाही नव्हे, त्याहून बारीक तुकडा घ्यायचा, त्यातील डीएनए वेगळा करायचा, हवे ते जनुक पीसीआरने लक्षावधी पटींनी वाढवायचे आणि त्याची अक्षरे वाचायची. कोविडच्या काळात पीसीआर हा शब्द घरोघरी पोहोचला, त्यामुळे अधिक फोड करीत नाही. कोणते जनुक वाचायचे, हे मात्र प्रश्नावर अवलंबून असते. १८एस नावाचे रायबोसोमचे जनुक फार सावकाश बदलते. दूरचे नातेसंबंध, म्हणजे पणजोबा-खापरपणजोबा, त्यावरून कळतात. तंतुकणिकेतील कॉक्स-१ हे जनुक आणि रायबोसोमच्या जनुकांमधील आयटीएस नावाचे पट्टे झपाट्याने बदलतात. सख्खे कोण आणि चुलत कोण, हे त्यांवरून ठरते.

मार्क ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ५३ गोलकृमींच्या १८एस जनुकावरून त्यांची वंशावळ मांडली. त्यात पाच मोठ्या शाखा निघाल्या. आपल्याला, म्हणजे डॉक्टरांना, त्यात एक गंमत दिसते. जंत, हत्तीरोगाचा कृमी आणि लहान मुलांच्या गुदद्वाराशी खाज आणणारा सूतकृमी एकाच, तिसऱ्या शाखेवर. आकडेकृमी पाचव्या शाखेवर, तर स्ट्राँगिलॉइडिस चौथ्या. पाठ्यपुस्तकात आपण आकडेकृमी आणि स्ट्राँगिलॉइडिस शेजारी शेजारी वाचले, कारण दोघेही अनवाणी पायांतून शिरतात. शिरण्याची वाट एक असली म्हणून घराणे एक ठरत नाही.

माशांतील कृमी याच तिसऱ्या शाखेवर मोठ्या संख्येने बसतात. २००६ मध्ये विजोवा, मोराव्हेक आदी चेक शास्त्रज्ञांनी आणि २०११ मध्ये चेर्नोटिकोवा, होराक व मोराव्हेक यांनी त्यांची १८एस जनुके तपासली. फ्रांतिशेक मोराव्हेक हे स्वतः शरीररचनेवरून कृमी ओळखणारे जगातले अग्रगण्य तज्ज्ञ. आयुष्यभर मुखकोश आणि अंकुर मोजलेल्या माणसाने जनुकांचा कौल आपल्याच वर्गीकरणावर लावून पाहिला, हे मला विशेष वाटते. कौल संमिश्र आला. कुल म्हणून कॅमॅलॅनिडी टिकले, पण त्याच्या आतील वंशांची मांडणी जनुकांशी जुळेना. ज्यांच्या मुखकोशात आट्या आहेत ते सारे एका आईची लेकरे निघाले नाहीत. हे समजावताना माझा औरंगाबादचा मित्र म्हणतो, पाटील आडनावाचे सगळे एकमेकांचे भाऊबंद असतात का? आडनाव हुद्द्यावरून पडते. तशा आट्याही आतड्याच्या भिंतीला घट्ट धरण्याच्या कामातून वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आल्या असाव्यात. याहून नाट्यमय प्रकार ईल माशांच्या हवेच्या पिशवीत राहणाऱ्या अँग्विलिकोला या कृमीचा. शरीररचनेवरून तो नारूच्या गोतावळ्यात बसवलेला होता. जनुकांनी त्याला तेथून उचलले आणि नॅथोस्टोमाच्या शेजारी, बुंध्याजवळच्या फांदीवर नेऊन ठेवले.

नारूचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे थांबले पाहिजे, कारण हा या विषयाचा गाभा आहे. नारू शब्द उच्चारताच आपल्या जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे पायऱ्यांची विहीर, पायाचा फोड आणि काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळला जाणारा हातभर लांबीचा पांढरा दोरा उभा राहतो. पण तो दोरा मरळीच्या आतड्यातील लाल कृमीचा आप्त आहे, हे किती जणांना ठाऊक असते? दोघांच्याही माद्या अंडी न घालता जिवंत अळ्या सोडतात. दोघांच्याही अळ्या पाण्यातला सायक्लॉप्स गिळतो. पुढे तो सायक्लॉप्स मरळीच्या पोटात गेला की एकाचा संसार सुरू होतो, माणसाच्या पोटात गेला की दुसऱ्याचा. रचना पाहून जुन्या मंडळींनी हे नाते जोखले होते आणि जनुकांनीही त्यावर शिक्कामोर्तब केले.

भारतात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा, १९८४ च्या सुमारास, सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. त्या सातांत महाराष्ट्रही होता आणि त्या वेळचा आंध्र प्रदेशही. पायविहिरी बुजवणे किंवा झाकणे, पाणी फडक्यातून गाळणे, टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणे, एवढ्याच साधनांवर हे काम झाले. ना लस, ना खात्रीचे औषध. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९८० च्या दशकाच्या मध्यास जगभरात दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना होणारा हा रोग २०२३ मध्ये अवघ्या १४ माणसांत आढळला.

परंतु मधल्या काळात आफ्रिकेतील चाड देशात एक पेच उभा राहिला. दहा वर्षे तेथे एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. २०१० मध्ये पुन्हा रुग्ण सापडले आणि २०१२ पासून तर कुत्र्यांच्या पायांतून नारूसारखे कृमी निघू लागले, माणसांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने. हे कृमी नारूचेच की कुत्र्यांत राहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भावंडाचे? दुसरे असतील तर चिंता नाही. नारूचेच असतील तर सारी मोहीम नव्याने आखायला हवी. शरीररचना येथे मुकी झाली. कारण या वंशातील प्रजाती वेगळ्या ओळखण्याच्या खुणा नराच्या शरीरावर असतात आणि कातडीतून बाहेर येते ती नेहमी मादी. अखेर जनुके वाचली गेली. कुत्र्यांतील आणि माणसांतील कृमी एकच निघाले, ड्रॅक्युन्क्युलस मेडिनेन्सिस. तेव्हा लक्ष पाण्यावरून अन्नाकडेही गेले. बेडकांत त्याच्या अळ्या सापडल्या. अळ्या असलेले सायक्लॉप्स खाणारे मासे त्या वाहून नेऊ शकतात, हे प्रयोगांत दिसले. माशांची आतडी कुत्र्यांपुढे न टाकता पुरावी, मासे पुरते शिजवावेत, कुत्री बांधून ठेवावीत, असे नवे नियम गावोगाव सांगितले जाऊ लागले. एका जनुकाच्या वाचनातून संबंध कार्यक्रमाची दिशा बदलली.

व्हिएतनाममध्ये नेमके उलट घडले. २०२० पासून तेथे काही माणसांच्या अंगातून हुबेहूब नारूसारखे कृमी निघाले. त्या देशात नारूचा इतिहास नव्हता, त्यामुळे खळबळ उडाली. डोळ्यांना नारूच दिसत होता. जनुके वाचली, तेव्हा तो ड्रॅक्युन्क्युलस वंशातीलच, पण मेडिनेन्सिसहून वेगळा ठरला. तेथील रुग्णांत कच्चे मासे वा अन्य जलचर खाल्ल्याचा इतिहास आढळला. चाडमध्ये वेगळा वाटलेला कृमी एकच निघाला, व्हिएतनाममध्ये तोच वाटलेला वेगळा निघाला. नाव सांगणारा माणूस डोळ्यांवर विसंबला असता तर दोन्हीकडे फसला असता.

यावरून आता सूक्ष्मदर्शक मोडीत काढावा, असे मात्र मुळीच नाही. जनुकाची अक्षरे वाचली तरी ती जुळवायची कशाशी? जनुकांच्या जागतिक भांडारात आधी एखाद्या नमुन्याची नोंद असावी लागते आणि त्या नमुन्याचे नाव कोणीतरी तोंड, शेपटी मोजून, खात्रीने ठरवलेले असावे लागते. चुकीच्या नावाने नोंदलेले जनुक पुढे शंभर जणांना चुकवते. आपल्या नद्यांतील माशांचे जे कृमी अली यांच्या काळापासून वर्णिले गेले, त्यांतील फार थोड्यांची जनुके वाचली गेली आहेत. म्हणून आज एकाच कृमीचे तीन तुकडे करतात. डोके आणि शेपटी काचपट्टीवर, मधला तुकडा डीएनएसाठी. रचना आणि जनुक एकाच देहाची. ही रीत मला फार आवडली, कारण आपणही शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे असेच करतो.

जनुकांचा दुसरा मोठा उपयोग अळीच्या बाबतीत. मरळीच्या किंवा वाम माशाच्या मांसात, पोटाच्या पोकळीत, कधी कधी बोटाएवढी लांब, रक्तासारखी लाल, गुंडाळी करून बसलेली अळी सापडते. ती युस्ट्राँगिलिडिसची. तिचे प्रौढ रूप बगळे, पाणकावळे यांसारख्या मासेखाऊ पक्ष्यांत. अळीला जननेंद्रियांची वाढ झालेली नसते, म्हणजे ज्यांवरून प्रजाती ठरते त्या खुणाच नसतात. माशातली अळी आणि बगळ्यातला प्रौढ कृमी हे एकच, हे दोघांची जनुके जुळवूनच निर्विवाद सांगता येते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९८२ मध्ये आमिषासाठीचे लहान मासे जिवंत गिळलेल्या काही मासेमारांच्या पोटात तीव्र कळा आल्या. शस्त्रक्रिया केली तेव्हा याच अळ्या आतडे भेदून बाहेर पडलेल्या आढळल्या.

ही घटना मी मुद्दाम सांगितली. मृग नक्षत्राच्या प्रारंभी हैदराबादेत दम्यासाठी औषधासह मरळीचे दोन-तीन इंचांचे जिवंत पिल्लू गिळण्याची प्रथा आहे आणि आपल्याकडूनही तेथे जाणारी कुटुंबे मला माहीत आहेत. त्या औषधाच्या गुणावगुणांत मी येथे शिरत नाही. दम्याचे आपले औषध बंद करून जाऊ नये, हे तर आपण सारेच रुग्णांना सांगतो. मला सांगायचे आहे ते एवढेच, की जिवंत मासा म्हणजे कच्चा मासा. पिल्लू नियंत्रित टाक्यांतील असेल तर धोका कमी. तलावातून धरलेले असेल तर त्याने कोणता सायक्लॉप्स आणि कोणता गाळातला किडा खाल्ला आहे, हे त्याच्या चकचकीत अंगावरून ओळखता येत नाही. पालकांनी विचारले तर मी स्पष्टपणे नको म्हणतो.

आता ज्याच्यावर माझा पहिला संशय होता तो नॅथोस्टोमा. त्याची जन्मकथा आपल्या जिल्ह्याला शोभणारी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका वाघाच्या जठरातील गाठींत रिचर्ड ओवेन यांना तो सापडला आणि १८३६ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन नॅथोस्टोमा स्पायनिजेरम या नावाने केले. मांजर, कुत्रा, बिबट्या, वाघ हे त्याचे खरे यजमान. अंडी पाण्यात, अळी सायक्लॉप्समध्ये, मग माशात वा बेडकात आणि तेथून पुन्हा मांजरकुळात. सयामी संशोधकांनी १९३० च्या दशकात ही साखळी उलगडली. साखळीची एकूण एक कडी आपल्या भागात आहे. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यात कवाल व्याघ्र प्रकल्प, पैनगंगेपलीकडे टिपेश्वर, मध्ये नदी, तलाव आणि मरळ. माणूस हा त्याचा चुकून गाठ पडलेला यजमान. माणसात तो प्रौढ होत नाही, वाट चुकल्यासारखा कातडीखाली फिरत राहतो. म्हणून फिरती सूज. क्वचित तो डोळ्यात शिरतो. कलकत्त्याच्या सेन आणि घोष यांनी असा डोळ्याचा रुग्ण १९४५ मध्येच नोंदवला आहे. मेंदू वा मज्जारज्जूत गेला तर प्राणावर बेतते. कातडीखालील विकारात अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २१ दिवस, किंवा वजनाच्या प्रमाणात आयव्हरमेक्टिन दोन दिवस, असे उपचार रूढ आहेत. डोळा वा मज्जासंस्था यांचा संशय असेल तर मात्र घाई न करता तज्ज्ञाकडे पाठवावे.

त्याच्या अळीच्या डोक्याला भोपळ्यासारखा फुगवटा असतो आणि त्यावर बारीक आकड्यांच्या चार ओळी. प्रत्येक ओळीतील आकडे मोजून आणि आतड्याच्या पेशींतील केंद्रके मोजून भावंड प्रजाती वेगळ्या करतात. डोके शाबूत असेल तर निदान पाच मिनिटांचे. माझ्या बाटलीत डोके नव्हते. मित्राने तो तुकडा नेऊन दोनदा पीसीआर करून पाहिला. पट्टा उमटला नाही. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ‘गोलकृमी, प्रजाती अनिश्चित’ असे लिहून मी सही केली आहे. त्या गृहस्थाची सूज पुढे आली नाही. त्याची बायको अजून मासे विकते. मी तिच्याकडूनच घेतो.

तेव्हा शल्यचिकित्सक, नेत्रतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ मित्रांना विनंती. अंगातून, डोळ्यातून, उलटीतून वा शौचातून कोणताही अनोळखी कृमी निघाला तर तो चिमट्याच्या टोकाने दाबू नये, मऊ कुंचल्याने वा कापसाच्या ओल्या बोळ्याने उचलावा. प्रथम सलाईनमध्ये धुवावा. फॉर्मॅलिन अजिबात नको, ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असावे, शुद्ध मिळाले तर उत्तम. रुग्णाने काय खाल्ले, कोठले पाणी प्यायले, घरी कुत्रा-मांजर आहे का, हे चिठ्ठीवर लिहावे. अल्कोहोल भरलेल्या लहान बाटल्या माझ्या प्रयोगशाळेत तयार ठेवलेल्या असतात. कोणीही विनामूल्य न्याव्यात. बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई अल्कोहोलात विरघळते.